साऊथ फोर्कचे धरण आणि त्याचे धनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते कामगार चळवळीवर चार शब्द सांगावेत म्हणून. आम्ही विषय कळविला तो अमेरिकेतील एका मातीच्या धरणाचा. चालकांना थोडे नवल वाटले असावे. तरी त्यांनी तो मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले, आणि पुढचे जे काही झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर झाले. धरणशास्त्रातले कोणी जाणते येथे बसले असतील तर त्यांनी आमची चूक पदरात घ्यावी, आणि मागाहून कानात सांगावी.

हा विषय आम्ही शोधीत गेलो नाही. तो आमच्या दारी चालत आला. दोन वर्षांमागे मृगाच्या तोंडाशी डोंगरपायथ्याच्या एका वाडीतली पाच-सहा माणसे युनियनच्या कचेरीत आली. त्यांतले दोघे औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, आमचे सभासद. एरवी आमच्याकडे येण्याचे त्यांना कारण नव्हते. वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर एक मातीचा बांध आहे. एका बागाईतदाराने फार वर्षांपूर्वी आपल्या बागेसाठी तो घातला. पुढे बाग विकली गेली, पुन्हा एकदा विकली गेली, आणि आता तेथे शहरातल्या पाहुण्यांसाठी खोल्या, नौकाविहार आणि गळ टाकून मासे धरण्याची सोय झाली आहे. आलेल्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अण्णा, बांधाच्या बुडातून पाणी झिरपतंय. ते पहिल्यापासूनच झिरपायचं. पण औंदा गढूळ येतंय." वाक्य साधे होते. त्याचा पुरता अर्थ कळावयास आम्हांस चार महिने वाचन करावे लागले.

माणसे घाबरली होती, आणि त्यांच्या घाबरण्याला आधार होता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. मागाहून खेकड्यांनी धरण पोखरले असे सांगण्यात आले, तेही आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. १२ जुलै १९६१ चे पानशेत तर पुण्याच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेषांनी लिहिले गेले होते. परंतु पानशेत काय, तिवरे काय, ती सरकारची धरणे. तेथे निदान दाद कोणाकडे मागावयाची हे माहीत असते. वाडीवरच्या बांधाला धनी होता, सातबारा होता, फाटकावर पहारेकरीही होता. खाजगी धन्याचे धरण खालच्या माणसांच्या डोक्यावर असले म्हणजे काय होते, याची नोंद कोठे सापडते का, ते आम्ही पाहू लागलो. ती जगात सर्वांत सविस्तर सापडते पेनसिल्व्हेनिया संस्थानातल्या जॉन्सटाऊन गावी.

जॉन्सटाऊन हे लोखंडाचे गाव. दोन लहान नद्या, लिटल कोनेमॉ आणि स्टोनी क्रीक, जेथे मिळतात त्या चिंचोळ्या सपाटीवर ते वसले आहे आणि चहूकडे उभे डोंगर आहेत. गावात सत्ता होती ती कँब्रिया आयर्न कंपनीची. भट्ट्या तिच्या, रुळांचा कारखाना तिचा, बहुतेक घरे तिची, मोठे दुकानही तिचेच. वेल्श, आयरिश, जर्मन आणि पुढे हंगेरीकडून आलेले मजूर मिळून १८८९ साली त्या खोऱ्यात सुमारे ३०,००० वस्ती होती. भट्टीची मळी नदीकाठी टाकून टाकून पात्रे अरुंद झाली होती. त्यामुळे दर वसंतात थोडेफार पाणी गावात शिरे, आणि लोक सामान माडीवर चढवून ते ओसरण्याची वाट पाहत. एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. १८७० नंतरच्या दशकात कंपनीने नियमच केला होता की, जो कामगार संघटनेचा सभासद असल्याचे कळेल त्याला कामावरून कायमचे काढावे. हा नियम ध्यानात असू द्यावा. पुढे त्याचे काम आहे.

गावाच्या वर १४ मैलांवर, आणि गावाहून चारशे फुटांपेक्षा अधिक उंचीवर, साऊथ फोर्क नावाच्या ओढ्यावर हे धरण होते. ते मुळात खाजगी नव्हते. १८३४ साली पेनसिल्व्हेनिया सरकारने फिलाडेल्फियापासून पिट्सबर्गपर्यंत कालवे आणि डोंगरावरची रेल्वे यांचा एक जोडमार्ग पुरा केला. उन्हाळ्यात जॉन्सटाऊनच्या कालव्यात पाणी तुटे, म्हणून वरती साठा करावयाचे ठरले. १८३८ साली काम निघाले, पैशाअभावी मधली काही वर्षे बंद पडले, आणि १८५३ साली धरण तयार झाले. लांबी ९३१ फूट, उंची ७२ फूट. साठा आपल्या हिशेबाने अर्धा टीएमसी, म्हणजे खडकवासल्याच्या एक-चतुर्थांश. आजच्या मापाने धरण लहानच.

पण बांधले होते नेकीने. या ठिकाणी मातीच्या धरणाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढची सर्व गोष्ट त्यावर उभी आहे. दगडी धरणावरून पाणी ओसंडले तरी धरण बहुधा उभे राहते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की मागच्या उतरणीची माती खरवडून निघते, घळ पडते, आणि मग थांबविणे कोणाच्या हाती राहत नाही. म्हणून पुराचे पाणी एका अंगाने खडकावरून काढून देण्यासाठी सांडवा लागतो, आणि तो पुरेसा रुंद व मोकळा लागतो. दुसरे, धरणाच्या तळाशी झडपांचे नळ लागतात. त्यांच्यावाचून तळे रिकामे करता येत नाही, आणि तळे रिकामे झाल्यावाचून धरणाची दुरुस्ती करता येत नाही. तिसरी गोष्ट झिरपण्याची. मातीचे प्रत्येक धरण थोडे झिरपतेच. स्वच्छ पाणी झिरपले तर त्यावर नजर ठेवावी, इतकेच. गढूळ पाणी येऊ लागले म्हणजे धरणाच्या पोटातली माती बाहेर पडू लागली आहे, असे समजावे. वाडीतल्या वृद्धाने आम्हांस सांगितले ते हेच. इंजिनियरिंगच्या पुस्तकातले एक पूर्ण प्रकरण त्यांनी चार शब्दांत आटोपले होते.

साऊथ फोर्कला चिकणमातीचे थर पाण्याने भिजवून दाबून घातले होते, तळ्याच्या बाजूस दगडांची पिचिंग होती, एका टोकाला खडकात खोदलेला ७२ फूट रुंदीचा सांडवा होता, आणि तळाशी दगडी मोरीतून प्रत्येकी दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे नळ नेले होते. हे पाच नळ हीच या कथेतली मुख्य पात्रे आहेत.

धरण पुरे झाले आणि त्याची गरज संपली. १८५२ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गपर्यंत धावू लागली होती. घोड्यांनी ओढलेल्या होड्यांतून कोण जातो? १८५७ साली सरकारने सगळा कालवामार्ग रेल्वे कंपनीला विकला, त्यात हे धरणही गेले. रेल्वेला रुळांसाठी जमीन हवी होती. धरण तिने मागितलेले नव्हते, म्हणून तिने त्याकडे पाहिलेही नाही. १८६२ च्या जुलैत मोरीपाशी धरण खचून फुटले. तळे तेव्हा पुरते भरलेले नव्हते, त्यामुळे खाली फारशी हानी झाली नाही. हानी झाली नाही हेच दुर्दैव म्हणावयाचे; कारण जॉन्सटाऊनच्या लोकांनी त्यावरून अनुमान काढले की, धरण फुटले तरी काही होत नाही.

पुढे १७ वर्षे तेथे उथळ डबके होते. १८७५ साली रेल्वेने ते जॉन रायली नावाच्या गृहस्थास २,५०० डॉलरला विकले. हे गृहस्थ आधी रेल्वेच्या नोकरीत आणि नंतर काँग्रेसचे सभासद. त्यांनी त्या पाच नळांचे बीड काढून भंगारात विकले, आणि चार वर्षांनी जागा बेंजामिन रफ यांना २,००० डॉलरला दिली. पाचशेचा तोटा झाला असे वाटेल, पण त्यातून भंगाराचे पैसे वजा करावे लागतील. आम्ही कारखान्यांच्या विक्रीचे कागद पुष्कळ पाहिले आहेत. यंत्र दर वेळी हात बदलते तेव्हा त्याचा एखादा भाग गळतो, आणि कागदावर मात्र यंत्र पूर्वीइतकेच पुरे असते. साऊथ फोर्कला गळाला तो तळे रिकामे करण्याचा उपाय, आणि तो ज्याने काढला त्याचे कोणतेही नाते पुढे त्या धरणाशी राहिले नाही.

रफ हे पूर्वी बोगद्यांचे कंत्राटदार. पिट्सबर्गच्या धनिकांसाठी डोंगरात उन्हाळी विहाराचे स्थान करावे ही त्यांची कल्पना. १८७९ साली 'साऊथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब' निघाला. सभासद साठच्या आसपास. त्यांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन, वकील फिलँडर नॉक्स, आणि रेल्वेच्या पिट्सबर्ग विभागाचे मुख्याधिकारी रॉबर्ट पिटकेर्न. यांतल्या एकेकाच्या खिशात अशी दहा धरणे नव्याने बांधण्याइतका पैसा होता. १८६२ चे भगदाड भरले गेले ते माती, दगड, झाडांच्या फांद्या आणि गवत टाकून. त्या कामावर पाटबंधाऱ्यांचा अनुभव असलेला इंजिनियर नव्हता. पहिली भर त्याच सालच्या नाताळात पावसाने वाहून गेली. पुन्हा तशीच घातली. नळ परत बसविलेच नाहीत. धरणाच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात एवढा रुंद रस्ता हवा होता. रस्ता रुंद करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे माथा तासून खाली आणणे. तो दोन-तीन फूट तासला. शिवाय भगदाड भरले होते तेथे, म्हणजे नेमका मध्यभागी, धरण थोडे दबले. तळ्यात काळे बास मासे आणून सोडले होते. ते ओढ्यातून निसटू नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाच्या खांबांना लोखंडी जाळ्या लावल्या.

यांतली एकही गोष्ट कोणाला मारण्याच्या हेतूने केलेली नव्हती. रस्ता हवा म्हणून रस्ता केला, मासे हवेत म्हणून जाळी लावली. आम्हांस त्या क्लबातल्या माणसांना राक्षस ठरवावयाचे नाही. राक्षसाने केलेल्या गोष्टीपासून शिकण्यासारखे फार थोडे असते.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला त्या पत्रव्यवहाराकडे येतो. कँब्रिया आयर्न कंपनीचे कारभारी डॅनियल मॉरेल हे सावध गृहस्थ होते. वर काय चालले आहे याची त्यांना काळजी वाटली, कारण त्यांचे कारखाने खाली होते. १८८० च्या नोव्हेंबरात त्यांनी आपले इंजिनियर जॉन फुल्टन यांना धरण पाहावयास पाठविले. फुल्टन यांनी दोन गंभीर धोके दाखविले: एक, तळे रिकामे करण्यास नळ नाहीत, म्हणून दुरुस्ती अशक्य, दुसरा, भगदाडाची भर कच्ची असून तेथून मोठी गळती आहे आणि ती नवा भराव कापीत आहे. मॉरेल यांनी हा अहवाल रफ यांच्याकडे धाडला. रफ यांचे उत्तर आठवड्याभरात आले. फुल्टन यांच्या अहवालातल्या काही तपशिलांच्या चुका त्यांनी दाखविल्या, आणि त्यावरून त्यांच्या निष्कर्षांनाही तेवढीच किंमत आहे असे ठरवून शेवटी आश्वासन दिले की, आमच्या उद्योगापासून तुम्हांस आणि तुमच्या माणसांना काही धोका नाही. मागणीपत्रात तारीख चुकली म्हणून संपूर्ण मागणीपत्रच परत करणारे व्यवस्थापक आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत, त्यामुळे रफ यांची शैली आम्हांस परकी वाटली नाही. मॉरेल यांनी पुन्हा लिहिले. खालच्या लोकांच्या जीविताला हे धरण कायमची धास्ती आहे असे स्पष्ट म्हटले, आणि पक्की दुरुस्ती होत असेल तर खर्चाचा वाटा कंपनी उचलील असेही कळविले. क्लबाने ते नाकारले.

यापुढे मॉरेल यांनी काय केले? त्यांनी क्लबाचे सभासदत्व विकत घेतले. आत राहिल्याने नजर ठेवता येईल असा त्यांचा हेतू असावा. १८८५ साली ते वारले, १८८७ साली रफही वारले, आणि पत्रे फायलीत राहिली.

ही पत्रे आम्ही पुनःपुन्हा वाचली. ती दोन मालकांची पत्रे आहेत. एक मालक म्हणतो माझे कारखाने धोक्यात आहेत, दुसरा म्हणतो नाहीत. ज्यांची घरे नदीकाठी होती त्या हजारो कामगारांना धरणाच्या धोक्याविषयी कंपनीच्या कारभाऱ्याशी बोलण्याचा मार्गच नव्हता. चौघांनी एकत्र येऊन अर्ज करणे म्हणजे संघटना, आणि संघटना म्हणजे काम गेले. मॉरेल यांचा हेतू चांगला होता हे आम्ही मानतो. परंतु जो नियम त्यांच्या कंपनीने पगारवाढ रोखण्यासाठी केला, त्याच नियमाने क्लबावर दडपण आणू शकतील अशी माणसे मुकी करून ठेविली होती. आणि मुकेपणाचे रूप बहुधा थट्टेचे असते. दर वसंतात कोणी तरी म्हणे, "धरण फुटणार," आणि ते फुटत नसे. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट जॉन्सटाऊनने दहा वर्षे एकमेकांना सांगितली.

३० मे १८८९ रोजी, त्यांच्या हुतात्म्यांच्या स्मरणदिनी, रात्री पाऊस सुरू झाला. चोवीस तासांत त्या डोंगरात सहा ते दहा इंच पाणी पडले. कोकणच्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही. पण त्या प्रदेशात तो न भूतो असा होता. ३१ मे, शुक्रवार. सकाळी क्लबाचे अध्यक्ष इलायस उंगर यांनी पाहिले तो तळे तासातासाला चढत होते. सांडव्याच्या जाळ्यांना ओंडके, फांद्या आणि गवत येऊन बसले होते. जाळ्या काढू पाहिल्या तेव्हा त्या निघेनात. क्लबाच्या गटाराचे काम करीत असलेल्या इटालियन मजुरांना धरणावर आणले. त्यांनी भर पावसात कुदळी-फावड्यांनी माथा उंच करण्याचा आणि दुसऱ्या टोकाला नवा पाट खोदण्याचा यत्न केला. पण खाली टणक जमीन लागली आणि पाट गुडघ्याएवढाही खोल होईना. तळाचे नळ असते तर ते आदल्या रात्रीच उघडता आले असते. क्लबाचा तरुण इंजिनियर जॉन पार्क, वय बावीस-तेवीस, घोडा फेकीत दोन मैलांवरच्या साऊथ फोर्क गावी गेला आणि तारेने खाली इशारा द्या असे सांगून परत धरणावर आला. तारा गेल्या. जॉन्सटाऊनच्या रस्त्यांवर तोपर्यंत नेहमीचेच पुराचे पाणी आले होते, आणि इशाऱ्यांकडे बहुतेकांनी नेहमीसारखेच पाहिले. तारघरातल्या हेट्टी ओगल या बाई शेवटपर्यंत यंत्रापाशी बसून होत्या. त्या परतल्या नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास, माथ्याच्या दबलेल्या मध्यभागावरून वाहत असलेल्या पाण्याने धरण फोडले. सारे तळे तासाभरात रिते झाले. वाटेतली खेडी, इंजिनशेडमधली इंजिने, वुडव्हेल गावातला काटेरी तारांचा कारखाना, हे सगळे घेऊन चार वाजून गेल्यावर ते पाणी जॉन्सटाऊनला पोहोचले. ते पाणी असे दिसलेच नाही, पाहणाऱ्यांना घरे-झाडांचा डोंगर चालत येताना दिसला. एका इंजिन-ड्रायव्हरने, जॉन हेस त्याचे नाव, शिट्टीची दोरी बांधून ठेवून इंजिन मागे हाकीत आणले. कित्येक माणसे ती शिट्टी ऐकून टेकडीवर चढली. गावाखाली रेल्वेचा दगडी पूल होता. तो टिकला, म्हणून सर्व ढिगारा त्याच्यापाशी अडला. त्यात माणसे काटेरी तारांत अडकलेली जिवंत होती. रात्री ढिगाऱ्याला आग लागली. क्लबाचे सभासद असलेले पिटकेर्न त्या दिवशी आगगाडीने इकडेच येत होते. गाडी खाली अडली आणि पुलाखालून वाहत येणारी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

मृतांची गणती २,२०९ झाली. ९९ कुटुंबांत एकही उरले नाही. दहा वर्षांखालील मुले ३९६. ७७७ प्रेते ओळखता आली नाहीत. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांच्यासाठी निनावी शिळांच्या रांगा आहेत.

पुढचा भाग आम्ही भरभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच घडले. क्लबाने हजार ब्लँकेटे पाठविली. काही सभासदांनी देणग्या दिल्या. कार्नेगी यांनी गावाचे ग्रंथालय नव्याने बांधून दिले, त्या इमारतीत आता पुराचे संग्रहालय आहे. कॉरोनरच्या ज्यूरीने धरणाच्या मालकांना दोष दिला. परंतु दावे उभे राहिले तेव्हा क्लबाची बाजू नॉक्स यांच्याच वकिली कचेरीने घेतली. पाऊस ही ईश्वरी करणी ठरली, आणि क्लबाकडून कोणालाही कोर्टाच्या हुकमाने एक डॉलर मिळाला नाही. अमेरिकन सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेने चौघांची समिती नेमली. तिचा अहवाल १८९० च्या जानेवारीत तयार होता. तो प्रसिद्ध झाला १८९१ साली. त्यात म्हटले होते की, माथा तासला नसता तरी एवढ्या पावसात धरणावरून पाणी गेलेच असते. हे वाक्य सव्वाशे वर्षे टिकले. २०१६ साली त्याच प्रदेशातल्या संशोधकांनी धरणाच्या उरलेल्या टोकांची नव्याने मापे घेतली आणि गणित मांडले. माथा जवळजवळ तीन फूट उतरविल्याने पूर काढून देण्याची शक्ती अर्ध्याहूनही कमी झाली होती, आणि मूळचे धरण शाबूत असते तर त्या दिवशी त्यावरून पाणी गेले नसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

कायद्याचा प्रवास मात्र पाहण्यासारखा आहे, आणि तो आपल्या देशापर्यंत येतो. इंग्लंडात १८६० साली एका गिरणीवाल्याने बांधलेल्या तळ्याचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ साली लॉर्डांच्या सभेने निकाल दिला की, जो आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू अनैसर्गिक रीतीने साठवितो, त्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर म्हणून हा निकाल वकील मंडळींना पाठ आहे. पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने १८८६ साली, म्हणजे पुरापूर्वी तीनच वर्षे, तो आपल्याकडे चालणार नाही असे म्हटले होते. जॉन्सटाऊननंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या अनेक संस्थानांनी तो स्वीकारला.

आपल्याकडे १८७४ सालीच मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरमचा जमीनदार हा खटला प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जमीनदाराच्या तलावांचे मातीचे बांध अतिवृष्टीने फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला. आमच्या काही सहकाऱ्यांना हा निकाल ऐकून राग आला. आम्हांस आला नाही. न्यायमूर्ती म्हणाले की, हे तलाव पुरातन आहेत, त्यांच्यावाचून तिकडची शेती जगत नाही, आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. त्याने कसूर केल्याचे दिसत नाही. म्हणजे तळे कोणाच्या उपयोगाचे आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. रयतेच्या भातासाठी राखलेला तलाव आणि साठ धनिकांच्या गळाला मासे लागावेत म्हणून भरलेले तळे, यांना एकच माप लावता येत नाही. पुढे भोपाळ झाले, दिल्लीची ओलियम वायूची गळती झाली, आणि १९८६ च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या उद्योगांपुरता ईश्वरी करणीचा बचावही काढून टाकला.

भरपाई मात्र माणूस मेल्यावर येते. कारखान्यातल्या बॉयलरची तपासणी कायद्याने होते, फुटण्याच्या आधी होते, आणि हे कामगारांच्या मृत्यूंतूनच मिळविलेले आहे. धरणांसाठी आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला, हे चांगले झाले. परंतु तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे; १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर; आणि त्याखालचे बांध त्याच्या बाहेर आहेत. वाडीवरचा बांध आम्ही दोरीने मापला. २६ फूट, म्हणजे आठ मीटर.

मापावयास आम्ही गेलो ते पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरना बरोबर घेऊन. धन्यांनी चहा पाजला. माणूस सभ्य आहे. बांध त्यांनी बांधला नाही, विकत घेतला आहे. सांडव्याच्या तोंडाशी नायलॉनची जाळी होती. ओव्हरसियरनी तिच्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, मासे जातात ना." आम्ही एकमेकांकडे पाहिले. तळाच्या नळाची झडप जागेवर होती, पण तिचे चाक नव्हते. ते कोणाच्या काळात गेले हे कोणास ठाऊक नाही.

ओव्हरसियरनी वाडीतल्या पोरांना एक काम लावून दिले. रोज सकाळी पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरावयाचे, तारखेची चिठ्ठी डकवावयाची आणि बाटली न हलविता शाळेच्या खिडकीत ठेवावयाची. दोन महिन्यांनी खिडकीत साठ बाटल्या झाल्या, आणि प्रत्येकीच्या बुडाशी किती माती बसली हे कोणालाही वाचता येऊ लागले. पाऊस पडला त्या दिवसांच्या बाटल्यांत बोटभर होती. वाडीतल्या एकवीस घरांच्या सह्यांचा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना आणि धन्यांना दिला. धन्यांच्या वकिलांचे उत्तर आले की, अर्जातला गट क्रमांक चुकला आहे. तो खरोखरच चुकला होता. आम्ही तो दुरुस्त करून अर्ज पुन्हा दिला, आणि या वेळी सोबत तीन बाटल्या नेल्या.

जाळी काढली गेली आहे. पाण्याची पातळी या पावसाळ्यात चार फूट खाली ठेवण्याचे धन्यांनी लेखी कबूल केले आहे, पण झडपेला चाक बसल्यावाचून ती ते खाली ठेवणार कशी, हे आम्ही त्यांना विचारले आहे. येत्या रविवारी ओव्हरसियर पुन्हा वर जाणार आहेत. ज्या कोणाला बरोबर यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नाव द्यावे. सकाळी सहाची एस.टी. आहे.